‘डाउट’ नव्हे, ‘क्वेश्चन’

तळेगाव एमआयडीसीत एका कंपनीत लागलो, तेव्हा पहिल्याच मीटिंगमध्ये परदेशी इंजिनिअरला म्हणालो, ‘सर, आय हॅव अ डाउट.’ मला फक्त विचारायचं होतं; त्याला वाटलं, माझा त्याच्या आकड्यांवर विश्वास नाही. त्यानंतर सहा महिने मी गप्प. माझ्या मनातली सूचना दुसऱ्याने मांडली, बढती त्याला मिळाली.

व्याकरण बरोबर होतं. पण मराठीत ‘शंका’ म्हणजे प्रश्नही आणि संशयही. त्याच्या इंग्रजीत ‘डाउट’ म्हणजे संशयच. तिथे ‘आय हॅव अ क्वेश्चन’ म्हणायचं. समजलं नाही तर ‘कुड यू वॉक मी थ्रू इट?’ मलाही कळवत राहा, यासाठी ‘कीप मी इन द लूप’. अशी वाक्यं शब्दाला शब्द जोडून होत नाहीत, अख्खीच उचलावी लागतात.

हे आपल्याला नवं नाही. घरी दखनी, शाळेत मराठी, पर्यटकांशी हिंदी. लोणावळ्यात चिक्की विकणारे माझे चाचा गुजराती गिऱ्हाइकांकडूनच शिकले, पुस्तकातून नाही.

म्हणून उच्चारांची लाज सोडा. रोज एक वाक्य ऐका, वहीत लिहा, दुसऱ्या दिवशी वापरा. आपलं म्हणणं आपण मांडलं नाही, तर ते दुसरा मांडेल, स्वतःच्या नावावर.