नळी जपणाऱ्या सिस्टरला अधिकारही द्या

केमोच्या तिसऱ्या-चौथ्या फेरीपर्यंत अनेक रुग्णांच्या हातावरच्या शिरा कडक होतात, काळ्या पडतात. सिस्टर टिचक्या मारून पाहते, हात शेकायला सांगते, तरी शीर सापडत नाही. त्यात डॉक्सोरुबिसिनसारखं औषध शिरेबाहेर गळलं, तर आजूबाजूचं मांस सडू शकतं. अशा रुग्णाला पिक लाइन मोठाच दिलासा देते. सोनोग्राफीत बघत दंडाच्या शिरेतून घातलेली ही मऊ, बारीक नळी थेट हृदयाजवळच्या महाशिरेपर्यंत पोचते. तिथे रक्ताचा ओघ मोठा, त्यामुळे जहाल औषधही लगेच पातळ होतं. नीट जपली तर ती कित्येक महिने चालते.

मात्र ती जपते सिस्टर.

आठवड्याला ड्रेसिंग बदलायचं. औषध जोडण्याआधी नळीचं तोंड अल्कोहोलने घासायचं आणि वाळू द्यायचं. सलाईनने नळी धुताना सिरिंज दहा मिलीचीच घ्यायची आणि थांबत-थांबत ढकलायची. लहान सिरिंजचा दाब जास्त, त्याने नळी फुटू शकते. दंड सुजलाय का, थंडी वाजतेय का, यावर लक्ष ठेवायचं. घाईत तोंड घासायचं राहिलं, तर जंतूंना रक्तात जायला सरळ वाट मिळते. रात्रपाळीला अख्खा वॉर्ड एकटीवर सोपवून ही काळजी तिच्याकडून मागणं अन्याय आहे.

नुसतं कामही पुरत नाही, शब्दाला वजन लागतं. डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी 2004 मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात शंभराहून अधिक आयसीयूंत महाशिरेतल्या नळ्यांसाठी साधी पाच कलमी यादी लागू केली. डॉक्टरने एखादी पायरी गाळली, तर त्याला तिथेच थांबवायचा अधिकार परिचारिकेला होता. दीड वर्षात रक्तातल्या संसर्गात 66 टक्क्यांपर्यंत घट झाली.

मिशिगनमधूनच 2015 मध्ये पिक लाइन कुणाला घालावी याची मार्गदर्शक तत्त्वं आली. साध्या शिरेतून चालणारं औषध पाचच दिवस द्यायचं असेल, तर ती नको. मूत्रपिंड बरंच निकामी झालेल्यांनाही शक्यतो नको, कारण पुढे डायलिसिसच्या फिस्टुलासाठी त्याच शिरा लागतात. ‘डॉक्टर, ही नळी अजून हवीये का?’ हा प्रश्न राउंडमध्ये रोज विचारण्याचा हक्क आपल्या रुग्णालयांनीही सिस्टरला लेखी द्यावा.

आणि मुंबईतल्या परळहून केमो घेऊन बुलढाण्याला परतणाऱ्या रुग्णाचं काय? गावाजवळच्या दवाखान्यातल्या सिस्टरने अशी नळी कदाचित पाहिलेलीही नसेल. तिला आधी प्रशिक्षण हवं. रुग्णाच्या कार्डावर नळी कधी घातली, बाहेर किती सेंटिमीटर आहे, हे मराठीत लिहिलेलं हवं, आणि रात्रीही उचलला जाईल असा फोन नंबर हवा.