गॅस संपत नसतो, भाऊ

एका उन्हाळ्यात माझी पिकअप तीनदा गॅरेजात उभी राहिली. उमरखेडहून वसमतच्या बाजारात हळद नेणारी ही गाडी. एसी लावला तरी केबिनमध्ये बसवत नव्हतं. तिन्ही वेळा निदान एकच: "गॅस संपला भाऊ, टाकून देतो." दाब मोजणारे दोन्ही बाजूंचे गेज लावले नाहीत, पंख्याकडे पाहिलं नाही, गाडी कधी गार करते आणि कधी नाही हे माझ्या ड्रायव्हरला विचारलंसुद्धा नाही. एक नळी जोडली, सिलिंडर उघडला, अठराशे रुपये घेतले. तीनदा. मी याला लूट म्हणतो आणि हा शब्द मागे घेणार नाही.

एसीतला गॅस डिझेलसारखा जळत नाही. बंद नळ्यांत तोच तो फिरत राहतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, पुढच्या जाळीमागच्या कंडेन्सरमध्ये तो उष्णता बाहेर टाकून पातळ होतो, एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून सुटताना त्याचा दाब उतरतो आणि डॅशबोर्डमागच्या कॉइलमध्ये तो केबिनची उष्णता ओढून घेतो. रबरी नळ्यांतून वर्षानुवर्षांत थोडाफार झिरपत असेल, पण महिन्याभरात संपला म्हणजे तो कुठून तरी गळतोय. गॅस गळताना सोबत तेलही बाहेर येतं, त्यामुळे त्या सांध्यावर धूळ चिकटून काळा, ओशट डाग पडतो. तो डाग डोळ्यांनी दिसतो. साबणाचा फेस लावा, बुडबुडे दिसतील. व्हॅक्यूम पंप अर्धा तास चालवून बंद करा, काटा जागचा हलतो का पाहा. यातलं काहीही न करता नवा गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतून पाण्याचे पैसे मागणं.

आणि माझ्या गाडीत तर गळती नव्हतीच! हदगाव सोडून वारंगा फाट्याच्या रस्त्याला लागलं, गाडीनं साठचा वेग धरला, की एसी बऱ्यापैकी गार मारायचा. बाजारात काट्याच्या रांगेत उभी राहिली की दहा मिनिटांत तोंडावर गरम वारा. गॅस कमी असता तर पळत्या गाडीतही गारवा बेताचाच राहिला असता. पळताना गार आणि उभ्यानं गरम, याचा पहिला अर्थ कंडेन्सरला हवा मिळत नाही. ड्रायव्हरला एक प्रश्न विचारला असता तर हे कळलं असतं. तो ड्रायव्हर तिथेच, गाडीच्या सावलीत उभा होता.

शेवटी नांदेडच्या एका मिस्त्रीनं निळी आणि लाल अशा दोन्ही नळ्या जोडल्या. इंजिन चालू, गाडी उभी. जास्त दाबाच्या बाजूच्या लाल गेजचा काटा साडेतीनशे पीएसआयच्या पुढे गेला. त्यानं कंडेन्सरवर पाणी मारलं, काटा झरझर खाली आला. मग त्यानं पुढची जाळी काढली. हिवाळ्यात आम्ही कापूस वाहिला होता. त्याचे तंतू, भुसकट आणि आपली काळी माती मिळून पत्र्यांवर नमद्यासारखा थर बसला होता. बोटानं ओढला तर अख्खी पट्टीच निघाली. समोरचा विजेवरचा पंखा त्याच कचऱ्यात अडकून जळालेला. त्यात तीनदा कोंबलेला जादा गॅस: कंडेन्सर पातळ गॅसनंच भरून गेला, उष्णता टाकायला जागा उरली नाही, दाब वाढून कॉम्प्रेसर सारखा बंद पडत होता. म्हणजे मी पैसे देऊन रोग वाढवत होतो. त्या मिस्त्रीनं गॅस मशीननं काढून घेतला, बॉनेटखालच्या चिठ्ठीवर लिहिलाय तेवढाच वजन करून परत भरला, कंडेन्सर मागून पुढे हलक्या धारेनं धुतला आणि पंखा बदलला. त्याच दुपारी केबिन गार झाली.

गॅरेजवाले म्हणतात, तपासणीचे पैसे कोण देतं? हे खरं आहे. आम्ही मालक गॅसचे अठराशे मुकाट देतो आणि तपासणीच्या तीनशेसाठी अर्धा तास घासाघीस करतो. मीही केली आहे. पण म्हणून रोग न पाहता औषध विकण्याची मुभा मिळत नाही. शिवाय नुकसान फक्त खिशाचं नाही: बहुतेक जुन्या गाड्यांत असणारा आर-१३४ए हा गॅस शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट हवा तापवतो. अर्धा किलो हवेत सोडला की सातशे किलोंहून अधिक कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं होतं. नळीची पिन दाबून तो फुस्स करून उडवणारे हात मी इथे रोज पाहतो.

एसी ड्रायव्हरची गरज आहे, हे सरकारनंही मानलं: १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या, मालासकट साडेतीन टनांहून जड ट्रकांना केंद्र सरकारनं वातानुकूलित केबिन सक्तीची केली. बहुतेक पिकअप त्या रेषेच्या खाली राहतात. ऊन मात्र त्यांच्या टपावर तेवढंच पडतं. विदर्भ-मराठवाड्याच्या सीमेवर मे महिन्यात पारा त्रेचाळीसच्या वर जातो आणि आमची पोरं इंजिनाला खेटून आठ-दहा तास बसतात. डोक्याला ओला गमछा गुंडाळून पैनगंगेचा पूल ओलांडणारा ड्रायव्हर पाहून "एसी म्हणजे चैन" म्हणणाऱ्या मालकानं एक दुपार त्या सीटवर बसावं. भोवळ आलेल्या माणसाच्या हातात स्टिअरिंग असतं आणि समोरून एसटी येत असते.

पुढच्या वेळी मी गेजचे दोन्ही काटे स्वतःच्या डोळ्यांनी पाहीन. ते न लावता सिलिंडर उघडणाऱ्याला माझ्याकडून एक रुपया मिळणार नाही, आणि का मिळणार नाही हे मी त्याच्या दुकानासमोर उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीवाल्याला सांगेन.