गुलाबी ऑक्टोबर आणि सरकारी फाईल

ऑक्टोबर लागला की स्तनाच्या कर्करोगाच्या जागृतीसाठी इमारतींवर गुलाबी रोषणाई होते, वॉकेथॉन निघतात, कुणी मंत्री झेंडा दाखवतात. त्याला नावे ठेवायचे कारण नाही. गाठ लागली तर लपवू नका, एवढे चार बायकांच्या कानी पडले तरी महिना सार्थकी लागला. पण रोषणाईने धोरण बदलल्याचे ऐकिवात नाही. धोरण हलते फायलीवर, आणि फायली वाचणाऱ्या संस्था आपल्याकडे मोजक्याच.

ट्रास्टुझुमॅबचेच घ्या. स्तनाच्या कर्करोगात रिपोर्ट ‘हर-टू पॉझिटिव्ह’ आला की हे इंजेक्शन लागते. दर तीन आठवड्यांनी एक, वर्षभरात सतरा-अठरा डोस. 2012 च्या सुमारास 440 मिलिग्रॅमच्या एका कुपीला पाऊण लाख रुपये किंवा त्याहून जास्त पडत. सतराने गुणून पाहा. गावाकडच्या घरात हा गुणाकार जमिनीच्या सातबाऱ्यापाशी येऊन थांबतो.

तेव्हा महिला संघटना, आजारातून उठलेल्या बायका आणि औषध-हक्काचे कार्यकर्ते एकत्र आले. त्यांनी थेट पंतप्रधानांना पत्र धाडले. दयेची याचना नव्हे, पेटंट कायद्यातल्या सक्तीच्या परवान्याची, म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीविना इतरांना औषध बनवू देण्याची मागणी. जानेवारी 2013 मध्ये आरोग्य मंत्रालयाने या औषधासह कर्करोगाच्या तीन औषधांसाठी तशी शिफारस केली. ती उद्योग खात्यात रेंगाळली, हा भाग नेहमीचाच. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हे औषध बनवणाऱ्या रोश कंपनीने भारतातल्या पेटंटचा आग्रह सोडला, आणि 2014 च्या आरंभी बायोकॉन या भारतीय कंपनीची याच औषधाची कुपी 57,500 रुपयांना बाजारात आली. हीही काही स्वस्ताई नव्हे. पुढे 2015 च्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत हे नाव गेले, म्हणजे किमतीवर सरकारी लगाम आला. सारे श्रेय मोहिमेला देणे भाबडेपणाचे ठरेल. मात्र ती नसती तर फाईल उघडलीच गेली नसती.

ही वाट आधी मुंबईच्याच कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने पाडली होती. रुग्णांना औषधे पुरवणाऱ्या या संस्थेने रक्ताच्या कर्करोगावरील ग्लिव्हेकच्या पेटंटला हरकत घेतली, आणि ते बनवणाऱ्या नोव्हार्टिस कंपनीशी झालेली लढाई 1 एप्रिल 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयात जिंकली.

ब्रिटनमध्ये उलटे घडले. 2005-06 मध्ये याच ट्रास्टुझुमॅबसाठी रुग्ण, संस्था आणि वर्तमानपत्रे रस्त्यावर उतरावीत तशी उतरली. अॅन मेरी रॉजर्स ही रुग्ण स्विंडनच्या आरोग्य यंत्रणेविरुद्ध अपील न्यायालयात जिंकली, सरकार नमले, बायकांना औषध मिळाले. ते मिळायलाच हवे होते. पण ओरड होती ‘सरकारने पैसे द्यावेत’ अशी. ‘कंपनीने दर उतरवावा’ असे फारसे कुणी म्हणाले नाही. रुग्णसंस्थांपैकी काहींना औषध कंपन्यांच्या देणग्या मिळत, हे तेव्हाच छापून आले होते.

आपल्याकडेही आता कंपन्यांच्या सीएसआरचा पैसा तपासणी शिबिरांत येतो, आणि त्या पैशाशिवाय कितीतरी शिबिरे होणारच नाहीत. तो घ्यावा. फक्त एखादी संस्था अमुक महागडे औषध सरकारी योजनेत घाला म्हणून मंत्रालयाची पायरी चढेल, तेव्हा तिने निवेदनासोबत देणगीदारांची यादी जोडावी, आणि खात्याने ती न मागता निवेदन स्वीकारू नये.