तोरण्याचा पाऊस आणि सॉफ्टवेअरची इर्जिक

शुक्रवार संध्याकाळ. ऑफिसात एकच चर्चा : उद्या तोरणा की घरी लोळायचं? मोबाइल म्हणतो, 'मुसळधार'. पण वेल्ह्यात की गडाच्या माथ्यावर?

उत्तर शोधण्याचं काम आपल्याच पुण्यात, पाषाणला चालतं. तिथल्या आयआयटीएममध्ये २०२४ पासून 'अर्क' हा महासंगणक आहे. २०२५ मध्ये आलेली 'भारत फोरकास्ट सिस्टीम' ६ किलोमीटरचे चौकोन धरून पावसाचा हिशेब करते. आधी ते १२ किलोमीटरचे होते. तरी गोची बघा, १४०३ मीटरचा माथा आणि पायथ्याचं वेल्हे जवळपास एकाच चौकोनात!

मग चौकोन आणखी लहान करा की! पण बाजू निम्मी केली की चौकोन चौपट. एवढा डेटा साध्या लॅपटॉपवर उघडायला गेलात, तर तो मान टाकणार. इथे 'पॅराव्ह्यू'सारखं सॉफ्टवेअर कामाला येतं. २००० साली अमेरिकेत किटवेअर कंपनी आणि लॉस अलामोस प्रयोगशाळेने ते हाती घेतलं. फुकट आणि ओपन सोर्स!

फंडा आपल्या इर्जिकीचा. भोर-वेल्ह्याच्या भातखाचरात एकट्याने लावणी उरकत नाही. चार घरं आली की होते. तसंच प्रत्येक प्रोसेसर डेटाचा आपला तुकडा रंगवतो, मग तुकडे जुळून एक चित्र होतं. तुमच्या स्क्रीनवर येतं ते फक्त चित्र. छोटी फाइल असेल, तर हेच सॉफ्टवेअर घरच्या लॅपटॉपवरही चालतं. म्हणजे कॉलेजातल्या पोरांनाही मोकळं रान.

हे नुसतं 'कूल' म्हणून सोडू नका. १२ जुलै १९६१ ला वेल्हे (आता राजगड) तालुक्यातलं पानशेत धरण फुटलं आणि पुणं बुडालं. असं पाणी किती तासांत कुठवर येईल, हे आज कम्प्युटरवर मांडता येतं. आकड्यांचे तक्ते कुणी वाचत नाही. सरकत येणारं पाणी मात्र कलेक्टरपासून सरपंचापर्यंत सगळ्यांना कळतं.

फक्त एक लक्षात ठेवा, बॉस. त्याच आकड्यांना लाल रंग दिला की प्रलय, फिका निळा दिला की रिमझिम! म्हणून नकाशा बघण्याआधी बाजूची रंगांची पट्टी वाचा.

शंका आली तर ट्रेक कॅन्सल करा, गड कुठे पळत नाही. धरणाखाली राहणाऱ्याला मात्र कॅन्सलचं बटण नसतं. आणि मंडळी, आपण पुणेकर धरणाखालीच राहतो.