सस्पेन्स खात्यातली माणसं

बँकेतल्या ३४ वर्षांत मी एक शिस्त पाहिली. संध्याकाळी रोकड जुळली नाही, तर कुणी घरी जात नसे. पन्नास रुपयांची तूट असो की पाच हजारांची, ती त्याच दिवशी वहीत लिहिली जाई. ज्या रकमेचा उलगडा होत नसे, ती सस्पेन्स खात्यात पडून राही.

माझी थोरली बहीण, अक्का, सात वर्षं अशाच खात्यात पडून होती. २००९ मध्ये तिची पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली. पुढे पोटदुखी थांबेना. "वय झालं, वातूळ खाऊ नका," एवढंच तिला सांगण्यात आलं. पाच महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरांनी पोट उघडलं, तेव्हा आत राहिलेला गॉजचा तुकडा निघाला. पहिल्या इस्पितळाने कागदपत्रं द्यायलाही टाळाटाळ केली. मग ग्राहक मंच आणि तारखांवर तारखा. समोरच्या बाजूच्या लेखी उत्तरात एक वाक्य होतं : 'तक्रारदार दुखण्याचे भांडवल करीत आहे.' अक्काने ते दोनदा वाचलं. त्या रात्री ती जेवली नाही.

ही वाट जुनीच आहे. १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर एका वीस वर्षांच्या तरुणाचं मांडीचं हाड मोडलं. त्याला पुण्याला आणलं आणि तिथे उपचारांत तो दगावला. पुरेशी भूल न देता, अवाजवी जोर लावून हाड बसवलं, असं न्यायालयांनी मानलं. मुलाचे वडील स्वतः डॉक्टर होते. तरी सर्वोच्च न्यायालयाचा शेवटचा शब्द यायला १९६८ उजाडलं. भरपाई ३,००० रुपये. तेवढ्यासाठी तो बाप पंधरा वर्षं झगडला, असं कोण म्हणेल?

१९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. रुग्णाने मागितलेले कागद ७२ तासांत द्यावेत, असं २००२ चे वैद्यकीय आचारनियम सांगतात. कायदा आहे, बोलायची तयारी नाही. कबुली दिली तर तीच पुरावा म्हणून अंगाशी येईल, ही डॉक्टरांची भीती मला समजते. प्रत्येक बिघडलेला उपचार म्हणजे हलगर्जीपणा नव्हे, हेही मान्य. पण माझा अनुभव असा, की माणूस कोर्टाची पायरी चढतो तो बहुधा इस्पितळाचं दार तोंडावर बंद झाल्यावर.

२०१६ मध्ये निकाल अक्काच्या बाजूने लागला. चेक मीच तिच्या खात्यात भरला. पासबुक चाळत ती म्हणाली, "अरे, चूक कळल्यावर त्यांच्यातलं कुणी एकदा येऊन बोललं का नाही रे?"

तिला रक्कम कमी वाटली नव्हती. तिला समोर माणूस हवा होता. पन्नास रुपयांसाठी आम्ही रात्री नऊपर्यंत बसत असू. अक्कासमोर कुणीतरी अर्धा तास बसायला हवं होतं.