ट्रॅडिशनल डेचे आदिवासी

फेब्रुवारी लागला की आपल्या कर्जत-खालापुरातल्या कॉलेजांचे फ्लेक्स रस्त्याला लागतात. कुंभिवलीतून बाहेर पडलो की दिसतातच. 19 तारखेला शिवजयंती, 27 ला मराठी भाषा गौरव दिन, मग ट्रॅडिशनल डे, गॅदरिंग, होळीची रंगपार्टी. पोरांनी नाचू नये असं म्हणणारा मी नाही. परीक्षेआधी चार दिवस धिंगाणा नाही घालायचा तर कधी घालायचा?

माझा राग त्या ‘आदिवासी नृत्या’वर आहे. ते जवळजवळ प्रत्येक कॅम्पसवर असतंच. भाड्याचे कपडे, तोंडाला काळा रंग, कमरेला पानं, डोक्यात पिसं, हातात भाला. कुठले हो हे आदिवासी? आपल्याकडे ठाकर आहेत, कातकरी आहेत, महादेव कोळी आहेत. पिसं लावून भाला घेऊन एसटीत चढलेला एक तरी पाहिलाय कोणी? थोडा अभ्यास केलेले तारपा आणतात. तारपा सुंदरच, पण तो पालघरकडच्या वारल्यांचा. ठाकरांचा ढोलाचा नाच वेगळा, कांबडनाच वेगळा. आणि गाणं ठरलेलं, ‘जैत रे जैत’मधलं. 1977 चा सिनेमा, गोनीदांच्या कादंबरीवरचा, गोष्ट ठाकरांचीच. सिनेमा उत्तमच आहे. पण ज्यांची गोष्ट, त्यांची वाडी कॉलेजच्या गच्चीवरून दिसते आणि आपण नाच बसवायला मुंबईहून कोरिओग्राफर आणतो! त्याला मानधन, गाडी, शाल-श्रीफळ. वाडीवरच्या ढोलवाल्यांना बोलावलंच तर पाहुण्यांच्या पुढे गेटपासून स्टेजपर्यंत उन्हात नाचवायचं, वडापाव द्यायचा, टेम्पोत बसवून परत पाठवायचं. पत्रिकेवर विश्वस्तांच्या जावयाचंही नाव असतं, ढोल वाजवणाऱ्याचं नसतं.

बजेट नाही, हे नेहमीचं उत्तर. डीजेला कुठून येतं मग?

वाडीवरची जी दोन-चार पोरं-पोरी कॉलेजपर्यंत पोचतात, ती ट्रॅडिशनल डेला बहुतेक गैरहजर असतात. कारण विचारा कधीतरी. तिच्या आईचं रोजचं नेसणं त्या दिवशी वर्गातल्या मुलींचा ड्रेस असतो, आणि तो बघून हॉल हसत असतो. कोण येईल?

कातकऱ्यांची कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात, पावसाच्या तोंडावर परततात. शिमग्याला मात्र जमेल तो माणूस वाडी गाठतो. खरा वसंतोत्सव तिथे असतो. आपली कॅम्पसची होळी तोवर शनिवार बघून उरकलेली असते, टँकरच्या पाण्यात रेनडान्स करून. त्याच महिन्यात वरच्या वाड्यांवर बायका हंडे घेऊन उतरायला लागतात, पण ते असो, त्यावर वेगळं लिहीन.

नव्या शैक्षणिक धोरणात ‘भारतीय ज्ञान प्रणाली’ हा विषय आलाय, क्रेडिटसकट. तो पीपीटीवर शिकवतात. पहिल्या पावसात वलगणीचे मासे कुठे चढतात, कुठली रानभाजी कधी खुडायची, कुठली दोनदा उकडल्याशिवाय खायची नाही, हे ज्या म्हातारीला पाठ आहे ती कॉलेजच्या कुंपणाबाहेर मोळी घेऊन जाते. तिला एक तास खुर्चीवर बसवून बोलतं करायला कोणत्या जीआरची वाट बघताय? विद्यापीठाला हे कळत नाही असंही नाही. मुंबई विद्यापीठाची लोककला अकादमी आहेच, कालिन्याच्या आवारात लोककला अभ्यासक्रम म्हणून शिकवतात. कालिन्याला कळतं ते कर्जतला यायला किती वर्षं लागतात?

19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली. 27 मृतदेह मिळाले, 57 माणसं सापडलीच नाहीत. ठाकरांची वाडी ती. तेव्हा सगळ्यांच्या स्टेटसला इर्शाळगड होता. त्यानंतर इतकी गॅदरिंग झाली, त्यातल्या किती ठिकाणी या लोकांपैकी कोणाला पाहुणा म्हणून बोलावलं? दरडीत दिसतात, स्टेजवर दिसत नाहीत.

मार्चअखेर कमिट्या महोत्सवाचा हिशेब लावतील. विद्यार्थ्यांनो, तो मागा. फी तुमची आहे. मानधनाच्या खान्यात वाडीवरचं एक तरी नाव आहे का बघा. ज्या कॉलेजात असेल त्यांनी मला मेसेज करा. नावासकट, फोटोसकट पहिल्या पानावर लावतो, जाहिरात मागणार नाही.