फॉरमॅट मारण्याआधी फाईलचं नाव तरी वाचा

सबमिशनच्या आठवड्यात लॅपटॉपवर निळा स्क्रीन आला की पुढचं सगळं ठरलेलं असतं. फोटो काढून ग्रुपवर टाकायचा, 'भावा, लॅपटॉप गंडला.' दोन मिनिटांत उत्तर येतं, 'फॉरमॅट मार.' मग गाडी काढायची आणि राजारामपुरी गाठायची. संध्याकाळी लॅपटॉप चकाचक होऊन परत येतो, आणि सेमिस्टरभराचा प्रोजेक्ट गायब!

हा सल्ला आपण फार स्वस्तात देतो. त्या फोटोतच बऱ्याचदा उत्तर असतं, खाली बारीक अक्षरांत. 'ड्रायव्हर आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल' असा कोड आणि 'व्हॉट फेल्ड'पुढे एका फाईलचं नाव. ते 'नेटडब्ल्यूटीडब्ल्यू'नं सुरू होत असेल तर संशय इंटेलच्या वायफाय ड्रायव्हरवर. 'आरटी'नं होत असेल तर बहुधा रिअलटेक. म्हणजे विंडोज मेलेलं नाही, वायफाय चालवणारा एक छोटा प्रोग्रॅम चुकलाय.

एवढ्याशा प्रोग्रॅमनं अख्खी मशीन कशी बसते? ब्राउझर हा भाडेकरू. तो पडला तर त्याचीच खोली बंद. ड्रायव्हर मात्र कर्नलमध्ये, म्हणजे थेट मालकाच्या माजघरात वावरतो. तिथं त्यानं नको त्या मेमरीला हात लावला की डेटा खराब होऊ नये म्हणून विंडोज स्वतःच सगळं थांबवतं.

१९ जुलै २०२४ आठवतोय? मुंबईसह देशातल्या विमानतळांवर चेक-इन हातानं करावं लागलं, हातानं लिहिलेल्या बोर्डिंग पासचे फोटो फिरले. तो ड्रायव्हर नेटवर्कचा नव्हता, क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचा होता, पण दुखणं त्याच जातीचं. जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज मशीन बसल्या. उपाय काय सांगितला गेला? सेफ मोडमध्ये जा, ती एक फाईल डिलीट करा, रिस्टार्ट करा. 'सगळ्या फॉरमॅट करा' असं कुणी म्हणालं नाही.

आपल्यालाही तेच जमतं. सेफ मोड घ्या, 'विथ नेटवर्किंग' नको, साधा. त्यात वायफायचा ड्रायव्हर चालूच होत नाही. मशीन तासभर शांत राहिली तर संशय पक्का होत जातो. मग डिव्हाइस मॅनेजर, नेटवर्क अडॅप्टर्स, प्रॉपर्टीज, ड्रायव्हर, 'रोल बॅक'. ते बटण पुसट दिसत असेल तर लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून आपल्याच मॉडेलचा ड्रायव्हर घ्या. तोवर काम अडलंय? वायफाय अडॅप्टर डिसेबल करा आणि फोन केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग वापरा. नेट वेगळ्या ड्रायव्हरवरून येतं. हो, आणि बिटलॉकरची रिकव्हरी की आधीच शोधून ठेवा. सेफ मोडच्या दारात ती मागितली जाऊ शकते.

दर वेळी कोड वेगळा आणि फाईलही वेगळी दिसत असेल तर मात्र रॅम तपासून घ्या. सगळं खापर वायफायवर फोडू नका.

दुकानदाराला शिव्या घालण्यात अर्थ नाही. कारण शोधायला त्याचे दोन तास जातात आणि 'फक्त बघायचे' पैसे द्यायला आपण कुरकुरतो. फॉरमॅटचे पैसे मात्र निमूट देतो. गंमत म्हणजे फॉरमॅटनंतर विंडोज अपडेट तोच ड्रायव्हर पुन्हा टाकू शकतं, आणि आठ दिवसांत पुन्हा तोच निळा स्क्रीन.

मला राग येतो तो कॉलेजचा. ऑपरेटिंग सिस्टीमच्या पेपरात कर्नल मोड, युजर मोडची आकृती काढून मार्क मिळवलेली पोरंसुद्धा स्क्रीनवरची ती ओळ वाचत नाहीत, कारण प्रॅक्टिकलला ती कधी दाखवलेलीच नसते. 'सी' ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमध्ये 'मिनीडंप' नावाचं फोल्डर असतं, प्रत्येक क्रॅशचा पंचनामा बहुतेक वेळा तिथं पडलेला असतो. लॅबमध्ये एका तासाला खऱ्या क्रॅशची एक फाईल उघडून दाखवायला काय हरकत आहे? नमुन्यांची कमतरता नाही, वर्गात कुणाचा ना कुणाचा लॅपटॉप गंडलेला असतोच.